शिष्यवृत्ती आपली, अकरा दिवस कोणाचे?

बडोद्याच्या मराठी माणसाला दोन विषयांवर बोलते करू नये. एक, श्रीमंत सयाजीराव महाराज. दुसरा, परदेशी शिकायला गेलेला घरचा मुलगा. यांतला कुठलाही विषय निघाला की चहा निवून जातो आणि बोलणे संपत नाही. पहिल्या विषयात एक वाक्य हमखास येते : "बाबासाहेबांना परदेशी पाठवले कोणी? आमच्या महाराजांनी!" मी दांडिया बाजारात वाढलो, आमच्या घराण्याची बडोद्यातली ही चौथी पिढी. त्यामुळे हे वाक्य मी मुंजीत, लग्नात, बाराव्याला, नगरसेवकाच्या सत्कारात, सगळीकडे ऐकत आलो आहे. वाक्य खरे आहे. पण ते तिथेच का थांबते, हा माझा प्रश्न आहे. तो मी बडोद्यात विचारला तर "मास्तर, जुने कशाला उकरून काढता?" एवढेच उत्तर मिळते. म्हणून यंदा तो तुमच्यापुढे, म्हणजे बेळगाव-निपाणीपासून डांग-उंबरगावापर्यंत दोन भाषांच्या उंबरठ्यावर संसार करणाऱ्या वाचकांपुढे मांडतो आहे. तुम्हाला तो अधिक कळेल, असे मला वाटते. का, ते पुढे येईलच.

निमित्त घडले एका सत्काराचे. आमच्या भागातल्या एका मंडळाने पाच विद्यार्थ्यांचा सत्कार केला. (मंडळाचे नाव सांगत नाही. अशी मंडळे तुमच्याही गावात आहेत, त्यामुळे नावाने काही बिघडत नाही.) पाचही जण कॉलेजात शिकणारे आणि एक सहामाही परदेशात काढून परतलेले. पूर्वी परदेशी शिकायला जाणे म्हणजे वर्षानुवर्षांचा वनवास असे. आता विद्यापीठाविद्यापीठांत करार होतात, मुले जानेवारीत जातात, पाऊस पडायच्या आत परततात आणि तिथली कमाई क्रेडिटच्या रूपाने इथल्या गुणपत्रिकेत जमा होते. युरोपात एका सहामाहीचे ३० क्रेडिट धरतात. तिकडे ही चाल चांगली रुळली आहे. त्यांची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली. आपल्याकडे २०२० चे शैक्षणिक धोरण आले, २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त अभ्यासक्रमांचे नियम काढले, आणि मध्यमवर्गीय घरांतून 'आमची सहा महिने जर्मनीला आहे' हे वाक्य 'आमची पुण्याला आहे' इतक्या सहजतेने ऐकू येऊ लागले. चाल वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मुलांनी जग पाहावेच. माझे भांडण त्यांच्याशी नाही, परत आल्यावर आपण त्यांचे जे करतो त्याच्याशी आहे.

आपण काय करतो? शाल देतो, श्रीफळ देतो, महाराजांच्या तसबिरीखाली उभे करून फोटो काढतो आणि 'अनुभवकथना'साठी प्रत्येकी दोन मिनिटे देतो. चौघांनी आपापली दोन मिनिटे वापरली. बर्फ पाहिले. गाड्या वेळेवर येतात. लोक रांगेत उभे राहतात, मोठ्याने हॉर्न वाजवत नाहीत. आय बिकेम इंडिपेंडंट. हे सगळे इंग्रजीत, मधूनमधून गुजरातीत, आणि शेवटी आजीकडे पाहून एक 'धन्यवाद'. मग श्रोत्यांचे प्रश्न. जेवणाचे हाल झाले का? तिकडे कायमचे राहता येईल का? सुरुवातीला पगार किती मिळतो? टाळ्या. मुलांना मी बोल लावत नाही. ज्या मापाचे भांडे आपण पुढे करू, तेवढेच ते त्यात ओतणार.

पाचवी मुलगी मराठीत बोलली. मूळची नवसारीकडची, इथे शिकायला राहणारी. ती म्हणाली, आम्ही बारा जण एका मजल्यावर, स्वयंपाकघर एक, न्हाणीघरे दोन. दारावर पाळ्यांचा कागद लावलेला. माझ्या पाळीला मी बारा जणांचा संडास धुतला. घरी तो धुवायला येणारी बाई कुठल्या दाराने येते आणि कुठल्या दाराने जाते हे मी वीस वर्षांत पाहिले नव्हते. सभागृहात जराशी चुळबुळ झाली. ती पुढे म्हणाली, पहिल्याच आठवड्यात आम्हा भारतीय मुलांनी त्या एका स्वयंपाकघरात फळ्या वाटून घेतल्या, भांडी वेगळी केली. ते शाकाहारासाठी असते तर मी समजले असते, पण आडनावे विचारून झाल्यावर वाटणी आणखी बारीक झाली. एका पोर्तुगीज मुलीने मला विचारले, तुम्ही सगळे एकाच देशाचे ना? मला उत्तर देता आले नाही. "आणि परत येताना मी ठरवलं की..."

इथे घंटा वाजली. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे होते. तिने काय ठरवले ते सभागृहाला कळले नाही आणि, मी पाहत होतो, कोणी विचारलेही नाही.

मी विचारले. तिने ठरवले होते ते फार मोठे नव्हते. तिच्याच वर्गातली, तिच्याबरोबर तीच सहामाही काढून आलेली एक मैत्रीण आहे. खेड्यातली, हुशार, आडनावावरून जात कळेल अशी. या दोघींनी बडोद्यात एक खोली घेऊन एकत्र राहायचे, एवढेच. "काका, तिथे आम्ही एका खोलीत सहा महिने राहिलो, इथे काय अवघड आहे?" जुलैत त्यांनी सहा ठिकाणी जागा पाहिल्या. पाचवी जागा एका मराठी गृहस्थांची. बोलणे चांगले चालले होते, अनामतही ठरली. मग अगदी मृदू आवाजात, "दुसऱ्या मुलीचं आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी फोन : मुलगा परत येतो आहे, जागा द्यायची नाही. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी त्या फाटकावर त्यानंतर आठ दिवस मी स्वतः पाहिली. ते गृहस्थ सत्काराला पहिल्या रांगेत बसले होते.

आता आपले ते लाडके वाक्य जरा पुढे नेऊ या.

१९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करार झाला की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ साली एम. ए. झाले, मे १९१६ मध्ये प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला आणि मग लंडनला अर्थशास्त्राच्या व कायद्याच्या अभ्यासाला लागले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून, महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट शत्रूने बुडवली. कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यासाठी सप्टेंबरात ते बडोद्याला आले.

इथपर्यंतची कथा आपण सांगतो. पुढची त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती १९९० साली पुस्तकरूपाने छापली गेली. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पार पुसली गेली होती, असे ते तिथे सांगतात. बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पडताना प्रश्न उभा राहिला : जायचे कुठे? परदेशी शिक्षणाच्या शेवटी विद्यार्थ्याने केलेले चिंतन म्हणतात ते हेच. त्याला मंडळाची दोन मिनिटे लागली नाहीत. आपल्या स्टेशनानेच ते त्याच्याकडून करून घेतले.

हिंदू खाणावळी, ज्यांना तेव्हा विशी म्हणत, त्यांत प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. एक पारशी वसतिगृह मिळाले. तिथे पारशी नाव घेऊन राहायचे, दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर दुसरा माणूस नाही, मोडके सामान, धड उजेड नाही. दिवसभर कचेरीत आणि रात्री तिथे पुस्तक घेऊन बसायचे. बहिणीचा मुलगा मागे राहिलेले सामान घेऊन मुंबईहून आला, त्यांची अवस्था पाहताच तो मोठ्याने रडू लागला आणि त्याला लगेच परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे. तू कोण? आमची जागा बाटवलीस. संध्याकाळच्या आत बाहेर पड. सरकारी बंगल्यासाठीचा त्यांचा अर्ज दिवाणाकडे होता. तातडीने काही होण्यासारखे नव्हते. दोन मित्रांकडे शब्द टाकून पाहिला. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते. ती दोघे मूळची ब्राह्मण आणि बायकोचे सोवळे सुटलेले नव्हते. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, एकट्याने काढले. वय सव्वीस.

ही कथा आपल्यात अगदीच कोणी सांगत नाही असे नाही. सांगतात, पण 'पारशांनी हाकलले' अशी सांगतात आणि एक सुटकेचा श्वास टाकतात. वाचकहो, त्या विशी कोणाच्या होत्या? रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाडीत तेव्हा राहत कोण होते? संस्थानच्या कचेऱ्यांत मराठी माणसांचाच भरणा होता. ज्या कचेरीत या विद्वानाच्या टेबलावर शिपाई लांबून कागद टाकीत असे चरित्रकार सांगतात, त्या कचेरीत काही पारशी वसतिगृहाचा कायदा चालत नव्हता. पारशांनी काठ्या घेतल्या, कारण त्यांचे दार उघडले गेले होते, फसवून का होईना. आपल्याला काठ्या घ्याव्या लागल्या नाहीत, कारण आपले दार मुळी उघडलेच नव्हते. महाराजांची शिष्यवृत्ती ती आपली आणि हे अकरा दिवस मात्र परक्यांचे, ही वाटणी कुठल्या दप्तरात लिहिली आहे?

याला दोन उत्तरे नेहमी येतात. पहिले : शंभर वर्षे झाली, आता तसे राहिले नाही. ज्यांना असे वाटते त्यांनी एक काम करावे, आडनाव बदलून बडोद्यात एक महिना जागा शोधावी. हल्ली कोणी 'जात कोणती' असे विचारत नाही, तेवढे आपण सुधारलो. आता विचारतात, "मूळ गाव कुठलं? घरी कुलदैवत कोणतं? खाण्यापिण्याचं कसं?" २०२४ साली हरणी भागातल्या सरकारी आवास योजनेच्या वसाहतीत एका मुसलमान कुटुंबाला मिळालेल्या घराविरुद्ध रहिवाशांनी अर्ज दिले, निदर्शने केली, ते साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले. सरकारने सोडतीने दिलेल्या घरावर ही पाळी, मग खासगी मालकाच्या खोलीची काय कथा!

दुसरे उत्तर अधिक लबाड आहे. म्हणे, एवढ्या महापुरुषाची आणि सहामाहीच्या पोरांची तुलना करता? अहो, १९१७ साली बडोद्यात महापुरुष उतरला नव्हता. शिकून आलेला, पुस्तके गमावलेला, राहायला जागा नसलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण उतरला होता. त्याचे मोठेपण नंतर जगाने पाहिले. गावाने तेव्हा पाहिले ते आडनाव. मोठा माणूस ओळखून त्याला खोली देण्यात कसली कसोटी? तो साधा असतानाच काय केले, हेच तर बघायचे.

आणि महाराजांचेच नाव घ्यायचे तर महाराज परदेशातून काय घेऊन येत तेही सांगा. १८८७ पासून ते किती वेळा समुद्र ओलांडून गेले! त्यांच्या बर्फातल्या फोटोंवर आपण त्यांना ओळखत नाही. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठवली. १८९३ साली अमरेलीकडे प्रयोग करून १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. जे तिकडे पाहिले ते इथे कोणाच्या दारापर्यंत नेता येईल, हा त्यांचा हिशेब. आपण त्यांच्या तसबिरीखाली उभे राहून विचारतो, सुरुवातीला पगार किती?

पूर्वी परतलेली माणसे बोलत, आणि आपल्यांशी बोलत. पंडिता रमाबाई १८८९ साली अमेरिकेहून परतल्या. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिले. मराठीत. तिकडच्या बायका काय करतात हे इकडच्या बायकांना कळावे म्हणून. अरविंद घोष चौदा वर्षे विलायतेत काढून १८९३ साली आले ते थेट बडोद्याच्या नोकरीत. बंगाली धड येत नव्हते. मराठी-गुजराती इथे येऊन शिकले. आल्या आल्या त्यांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर अशी झोड उठवली की न्यायमूर्ती रानड्यांना मालकांची कानउघाडणी करावी लागली आणि लेखमाला मवाळ करणे भाग पडले. ते लेख छापायला लावले ते केंब्रिजच्या त्यांच्या मराठी मित्राने, केशवराव देशपांड्यांनी. तेव्हाही घंटा वाजवणारे होते, पण निदान काही लेख छापून झाल्यावर वाजली. आमच्या मंडळाने एक वाक्यही पुरे होऊ दिले नाही.

त्या मुलीने मराठीत बोलावे याचे मला एवढे का वाटले तेही सांगतो. विद्यापीठाला तिने जो अहवाल दिला तो तिने मला दाखवला. दोन पानी, इंग्रजीत, ठरीव रकाने : शैक्षणिक लाभ, सांस्कृतिक लाभ, सूचना. त्यात तो पाळ्यांचा कागद नाही, वाटलेल्या फळ्या नाहीत, पोर्तुगीज मुलगीही नाही. मी म्हटले, हे का नाही लिहिलेस? ती म्हणाली, "काका, ते घरचं आहे. ते इंग्रजीत सांगून काय उपयोग?" पोरीला बरोबर कळले होते. ज्यांनी ऐकायला हवे त्यांच्याच भाषेत ती उभी राहिली होती, म्हणून तर घंटा एवढ्या लवकर वाजली. इंग्रजीत बोलली असती तर तिलाही टाळ्या मिळाल्या असत्या.

आता तुम्हालाच का सांगतो आहे ते. सीमेवरचा मराठी माणूस आयुष्यभर दार ठोठावत असतो. आमच्या मुलांना आमच्या भाषेची शाळा द्या, सातबारा आमच्या भाषेत द्या, दुकानावरची पाटी राहू द्या. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (क) हे कलम आले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी म्हणून. त्या कलमाचा आधार घेऊन आपण किती अर्ज लिहिले! संख्येने थोडे असलेल्या माणसाला 'तुमची जागा इथे नाही' हे किती गोड शब्दांत सांगता येते, ते तुम्हाला मी शिकवायला नको. कानडी कारकुनाने किंवा गुजराती कचेरीने तसे सांगितले की आपण त्यावर अग्रलेख लिहितो. तेच वाक्य आपण आपल्याच भाषेत, आपल्याच आडनावांच्या माणसांना, आपल्याच फाटकाशी उभे राहून सांगतो, तेव्हा लेखणी कुठे जाते? २०१८ साली बडोद्यात एक्क्याण्णवावे साहित्य संमेलन झाले. आम्ही अभिमानाने मांडव घातला, 'बडोद्यातही मराठी आहे' हे महाराष्ट्राला दाखवले. आहेच. प्रश्न एवढाच की या मराठीत कोणाकोणाला राहता येते.

सयाजीबागेजवळ आता संकल्पभूमी आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक लोटतात, नागपूर-मुंबईकडूनही येतात. बरीच वर्षे मी जातो आहे. दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले ओळखीचे चेहरे तिथे मला एका हाताच्या बोटांवर मोजता आले. विचारले तर सांगतात, तो 'त्यांचा' कार्यक्रम आहे. म्हणजे सत्काराच्या सभेत बाबासाहेब आमचे आणि २३ सप्टेंबरला ते त्यांचे!

आमच्या मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून कोणा दात्याने फार पूर्वी बांधून दिलेल्या. सध्या तिथे गणपतीचे मखर, मोडक्या खुर्च्या आणि जुने अहवाल आहेत. ऑगस्टमध्ये मी अकरा सह्यांचा अर्ज दिला : खोल्या रिकाम्या करून विद्यार्थ्यांना द्या, आडनाव न विचारता, पहिला हक्क या दोघींचा, आणि त्या मुलीला एक पूर्ण संध्याकाळ द्या, घंटा कपाटात ठेवून. चिटणीसांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, घटना बघावी लागेल. ज्ञातीबाहेर देता येत नाही, असं काहीतरी आहे." घटना मी मागून घेतली, घरी नेऊन वाचली. त्या कलमात दोनच शब्द आहेत, 'गरजू विद्यार्थी'. ज्ञाती हा शब्द साऱ्या घटनेत कुठेही नाही. कलमाची नक्कल काढून मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवली. विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.

मुलींना दरम्यान फतेगंजला जागा मिळाली आहे, एका केरळी बाईंकडे. भाडे थोडे जास्त आहे. बाईंनी आडनाव विचारले नाही. रात्री किती वाजेपर्यंत दिवा जळणार, एवढे विचारले. मंडळाची बैठक देवदिवाळीनंतरच्या रविवारी आहे. सह्या आता सत्तावीस झाल्या आहेत.